दिवसाची वीज आणि विहिरीचा तळ

अहिल्यानगर जिल्ह्यात शेतीची वीज वर्षानुवर्षे पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घरातला कर्ता माणूस बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला निघतो. अकोले, संगमनेर, राहुरी, कोपरगाव या उसाच्या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्ले घालतो. साप-विंचवाचे भय तर सगळीकडेच. पौषातल्या थंडीत मध्यरात्री घोटाभर चिखलात उभे राहून वाफे भरायचे, मध्येच फेज गेला तर डीपीपर्यंत चालत जायचे, आणि सकाळी पुन्हा दूध काढायला गोठ्यात हजर व्हायचे, असे आयुष्य इथल्या दोन-तीन पिढ्यांनी काढले आहे. दिवसा वीज द्या, ही त्यांची मागणी त्यामुळे सोयीपुरती राहत नाही, तिच्यात जिवाचा प्रश्न आहे. ऊर्जेचे भविष्य, हवामानबदल, कोळशाचा शेवट हे सगळे विषय या जिल्ह्यापुरते तपासायचे असतील तर सुरुवात इथून करावी लागते.

ही मागणी पुरी होण्याची शक्यता पहिल्यांदा सौरऊर्जेमुळे दिसू लागली. २०१७ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, तेव्हा पहिल्या प्रयोगासाठी निवडलेल्या दोन गावांपैकी एक पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी होते. दुसरे यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी. कल्पना सरळ आहे. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज शेतीच्या फिडरला, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या वाहिनीला, जोडायची आणि त्या फिडरवरच्या सगळ्या मोटारी दिवसा चालवायच्या. शेतकऱ्याला पॅनेल विकत घ्यावे लागत नाही, मोटार बदलावी लागत नाही. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत गेले. खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. औष्णिक केंद्रातली वीज शेकडो किलोमीटर तारांतून शेतापर्यंत येईतो तिची किंमत याच्या दुपटीच्या वर जाते. तो फरक आजवर सरकारी तिजोरीने आणि चढ्या दराची बिले भरणाऱ्या कारखान्यांनी सोसला. त्यात नगरच्या आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतीही आल्या.

पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली की साधारण तीस युनिट वीज लागते. एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कोळसा धरला, तर एका विहिरीवरची एक मोटार दिवसाला वीस किलोच्या वर कोळसा खाते. विदर्भातल्या नाहीतर ओडिशातल्या खाणीतून निघालेला हा कोळसा भट्टीत जळतो आणि त्याचा धूर हवेत साठतो. राज्यात अशा मोटारी चाळीस लाखांच्या वर आहेत. तेव्हा शेतीपंप सूर्यावर चालवणे ही हवामानासाठी करायची फार मोठी गोष्ट आहे, आणि ती करताना शेतकऱ्याची झोपही परत मिळते. इतका सरळ लाभ दोन्ही बाजूंनी क्वचित जुळून येतो. या योजनेच्या बाजूने माझे मत स्पष्ट आहे, ते आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे ज्या शंका मांडायच्या आहेत त्या योजना थांबवण्यासाठी नाहीत.

कोळसा आणि तेल संपत आले आहे म्हणून हे करायचे, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यावर फार भिस्त ठेवू नये. अमेरिकन भूवैज्ञानिक मॅरियन किंग हबर्ट यांनी १९५६ साली भाकीत केले की अमेरिकेचे तेल उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठेल आणि मग उतरत जाईल. तसे घडलेही. पण पुढे शेल खडकातून तेल काढण्याचे तंत्र हाती आले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने तो जुना उच्चांकही ओलांडला. भारताच्या जमिनीखालचा कोळसा अजून कित्येक दशके पुरेल एवढा आहे. आपली अडचण वेगळी आहे. कच्च्या तेलातले पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो, आणि कोळसा आपला असला तरी तो जाळायला जे दुसरे लागते ते आपल्याकडे नाही. २०१५ च्या जुलैत शेजारच्या बीड जिल्ह्यातले परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा टंचाई कोळशाची नव्हती. संच थंड ठेवायला पाणी उरले नव्हते. गोदावरीच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाने इंधन संपण्याची चर्चा करताना परळी विसरू नये. इथे कोळशाआधी पाणी संपते.

माझ्या मते या जिल्ह्यात ऊर्जेचा कोणताही पर्याय तोलायचा झाला तर तो पाण्याच्या काट्यावर तोलावा लागतो. अकोल्यातल्या घाटघर-रतनवाडीला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाट उतरून पूर्वेला यावे तसा तो झपाट्याने आटत नगर शहरापाशी पाच-साडेपाचशेवर येतो. कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेर हे तालुके २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांवर जगले. त्याच पाथर्डी-जामखेड-शेवगावच्या भागाने २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने वाहून गेलेली माती पाहिली. मुळा, भंडारदरा, निळवंडे यांतून जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही, हा वाद कोरड्या वर्षी हमखास न्यायालयात जातो. हवामान बदलते आहे याचा पुरावा इथे वेगळा शोधावा लागत नाही.

आता सौरऊर्जेच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत वीज आहे. ४४ लाख शेतकरी त्यात येतात. त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकीचे सरकार देणार. ज्याच्या शेतापर्यंत खांबच पोचले नाहीत, कोटेशन भरून जो वर्षानुवर्षे वाट पाहत बसला, त्याच्यासाठी हा पंप वरदान आहे. डिझेल इंजिनाला दिवसाला जो पैसा ओतावा लागत होता तो वाचतो. त्याच्या दारात जाऊन पाणी जपून वापर म्हणायचा अधिकार कालव्याखालच्या बागायतदाराला किंवा शहरात नळाखाली बादली भरणाऱ्याला नाही, हेही मान्य करायला हवे.

तरीही विजेची किंमत शून्य झाली की मोटार बंद करायचे एकही कारण उरत नाही. पूर्वी लोडशेडिंगमुळे, बिलामुळे, रात्रीच्या भीतीमुळे उपशाला काही तरी लगाम होता. तो लगाम क्रूर होता, गरिबाला जास्त काचणारा होता, पण होता. आता सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत बोअर चालू शकते. ते पाणी शेततळ्यात साठवता येते, त्यातले उन्हाळ्यात आभाळात उडून जाते, आणि शेजाऱ्याची विहीर मात्र मार्गशीर्षातच तळ दाखवते. दोनशे फुटांवरचे जे पाणी वर आणायला एक युनिट वीज लागते, तेच पाणी सहाशे फुटांवर गेले की तीन युनिट लागतात. म्हणजे भूजल खाली घालवत गेलो तर सूर्याकडून मिळवलेली स्वस्त वीज आपण पाताळात ओतत राहणार, आणि दर काही वर्षांनी मोठ्या पंपासाठी, आणखी पॅनेलसाठी सरकारकडे हात पसरणार. अशाने हवामानाला तोंड देण्याची ताकद वाढत नाही, कमी होते. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा आहे. त्यात खोल विंधनविहिरींवर बंधने आहेत. पण बोअरची गाडी रात्रीतून येते आणि सकाळपर्यंत भोक पाडून जाते, हे ज्याला माहीत नाही असा माणूस या जिल्ह्यात मिळणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याबाहेर शोधावे लागत नाही. नगर शहरापासून जवळच असलेल्या हिवरे बाजारने ते तीस वर्षांपूर्वी शोधले. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने आधी डोंगरावर चर खणले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, पाणी अडवले. हे पुष्कळ गावांनी केले. हिवरे बाजारचे वेगळेपण त्याच्या पुढे आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, आणि दर पावसाळ्यानंतर पाऊस किती पडला, विहिरींत किती आले, माणसांना-जनावरांना किती लागेल, हे ग्रामसभेत मांडून मग रब्बीला कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे. पाऊस कमी झाला तर गहू कमी. हा पाण्याचा ताळेबंद गाव स्वतः मांडते आणि स्वतः पाळते. ऊर्जेवर बोलणाऱ्या फार थोड्या लोकांनी हिवरे बाजारकडे ऊर्जेचे उदाहरण म्हणून पाहिले आहे. माझ्या मते ते तसेच पाहायला हवे, कारण ज्या गावात पाणी वर आहे तिथे प्रत्येक थेंबामागची वीजही कमी आहे.

यावर एक खरा आक्षेप आहे. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी ही गावे एका खंबीर माणसाच्या नेतृत्वावर उभी राहिली. तशी माणसे हजार गावांत कुठून आणायची? आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. आदर्श गाव योजनेने गेल्या तीसेक वर्षांत ही रीत पसरवण्याचा प्रयत्न केला, आणि यश जागोजागी तुटक मिळाले. म्हणून केवळ ग्रामसभेच्या सद्भावनेवर विसंबून चालणार नाही. इथे सौर फिडर आणि सुटा सौरपंप यांतला फरक कामाला येतो. सुटा पंप एकदा शेतात बसला की तो आणि त्याचा मालक यांच्यामध्ये कोणी नसते. फिडर मात्र सगळ्यांचा असतो. त्याची वेळ ठरवता येते, टंचाईच्या वर्षी सहा तासांवर आणता येते, उभ्या फळबागेला जगवण्यापुरती सूट देता येते. फिडरवरचा प्रकल्प जी वीज त्या दिवशी शेतीला लागली नाही ती जाळ्यात सोडतो. सुट्या पंपाची उरलेली ऊर्जा तशीच वाया जाते, आणि पावसाळ्यात, काढणीनंतर पंप बंद असतो तेव्हा पॅनेल नुसते उन्हात तापत बसते. जिथे तार पोचते तिथे सरकारने फिडरलाच पहिला मान द्यावा आणि सुटा पंप खरोखर दूरच्या वस्त्यांसाठी, डोंगरातल्या ठाकर-महादेव कोळी शेतकऱ्यांसाठी राखावा, असे मला वाटते. संख्येचे उद्दिष्ट गाठायच्या घाईत हे उलटे होऊ नये.

उसाचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण त्यात या जिल्ह्याचा अभिमान गुंतलेला आहे आणि तो रास्त आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला प्रवरा कारखाना १९५० च्या हंगामापासून गाळप करू लागला. सहकारी तत्त्वावरचा तो आशियातला पहिला. त्या चिमणीभोवती शाळा, दवाखाने, दूध संघ, पतपेढ्या वाढल्या. पुढे कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, सोनई, भेंडे, श्रीगोंदा, अकोले इथेही कारखाने आले. साखरेचा भाव पडला की हे सगळे डगमगते. म्हणून २०१८ च्या जैवइंधन धोरणाने इथेनॉलचा रस्ता उघडला तेव्हा कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या. साखर गोदामात अडकून पडते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून वेळेवर येतात, त्यातून उसाचे बिल देता येते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलेही. आयात तेलाचा काही भाग आपल्या शेतात पिकतो आणि परकीय चलनाऐवजी पैसा गावात येतो, ही बाजू हलकी धरू नये.

पण २०२३ चा डिसेंबर आठवा. एल निनोच्या त्या वर्षी पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवड्याभरात ती थोडी सैल केली, पूर्ण उठायला पुढच्या वर्षाचा ऑगस्ट उजाडला. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. हवामानबदलावरचा उपाय म्हणून उभा केलेला धंदा एका कोरड्या पावसाळ्याने अडवला, याचा अर्थ आपण नीट लावायला हवा. त्याच आठवड्यात, ८ डिसेंबरला, कांद्याच्या निर्यातीवरही बंदी आली. नगर, पारनेर, राहुरी, संगमनेरच्या कांदेवाल्याने तेव्हा काय धडा घेतला असेल? उसाला निदान ठरलेला भाव आहे, कारखाना तोडून नेतो, सरकार एका रात्रीत त्याचा बाजार बंद करत नाही. ऊस सोडा म्हणणाऱ्यांनी आधी कांदा, ज्वारी, तूर, डाळिंब यांच्या भावाची हमी बोलावी. नाहीतर तो उपदेश शेतकरी ऐकणार नाही आणि त्याने ऐकावा असेही मला वाटत नाही.

हे सगळे मान्य करूनही आकडे काय सांगतात ते पाहावेच लागते. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच नमूद आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगाने १९९९ मध्येच कमी पावसाच्या भागात ऊस नको असे बजावले होते. एक टन उसापासून सत्तर लिटर इथेनॉल धरले आणि एकरी चाळीस टन उतारा धरला, तर एका एकरातून एका पिकाला २,८०० लिटर मिळते. त्यात जी ऊर्जा असते ती विजेच्या भाषेत सोळा हजार युनिटांच्या आसपास. तेवढ्याच एकरावर सौर पॅनेल उभे केले तर वर्षाला तीन लाखांच्या वर युनिट निघतात, आणि त्याला पाणी लागते ते काचा धुण्यापुरते. ही तुलना पूर्ण न्याय्य नाही. ऊस चिपाडही देतो, चिपाडावर कारखाने वीज करतात, वाढ्यावर जनावरे जगतात, आणि रस्त्यावरच्या आजच्या गाड्या विजेवर धावत नाहीत. तरी वीसपटीचा फरक डोळ्याआड करण्याजोगा नाही.

माझा कौल असा आहे: मळीपासून होणारे इथेनॉल चालू राहावे, कारण तिचा ऊस साखरेसाठी आधीच पिकला आहे, रसापासूनच्या इथेनॉलसाठी नवीन क्षेत्र, नवीन कारखाना, नवीन डिस्टिलरी या जिल्ह्यात आता नको. कारखान्यांनी उत्पन्नाची दुसरी दारे शोधावीत. कोपरगावच्या सहकारी कारखान्याने मळी आणि टाकाऊ मालापासून वाहनांचा गॅस करण्याचा प्रकल्प २०२५ मध्ये सुरू केला, ही दिशा मला अधिक टिकाऊ वाटते. त्यात नव्या उसाची भूक नाही. आणि जो ऊस राहील तो शंभर टक्के ठिबकवर असावा. हे वाक्य आता इतक्या वेळा बोलले गेले आहे की त्याचा कंटाळा येतो, पण पाटाच्या पाण्याचे दर आणि मोफत वीज आहे तशी ठेवून ते घडणार नाही, हे मात्र कोणी बोलत नाही.

जमिनीचा प्रश्न थोडक्यात, पण तो सांगायलाच हवा. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि सरकारची नजर पहिल्यांदा गायरानाकडे जाते, कारण ते कागदावर पडीक असते. धनगराच्या मेंढ्यांना ते पडीक नसते. कर्जत-श्रीगोंद्याचे माळ हे १९७९ च्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत होते. ती हद्द पुढे फार कमी केली गेली आणि माळढोक तर जवळजवळ गेलाच, पण रेहेकुरीचे काळवीट आणि माळावरचे लांडगे अजून आहेत. जायकवाडीच्या पाण्यावर तरंगत्या सौर प्रकल्पाचा घाट घातला गेला तेव्हा मासेमारी करणाऱ्यांची संस्था हरित लवादापर्यंत गेली. पक्षी अभयारण्य असलेल्या त्या जलाशयाची कड शेवगाव-नेवाशाला लागते. स्वच्छ वीज म्हणजे कोणाचेच काही न घेणारी वीज, असा समज करून घेऊ नये. कारखान्यांची छपरे, बाजार समित्यांचे शेड, कालव्यांचे काठ, बंद पडलेल्या संस्थांच्या जागा आधी भराव्यात, मग माळाकडे यावे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानने २००९ मध्ये प्रसादालयाच्या छतावर ७३ सौर तबकड्या बसवल्या आणि वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक सुरू केला; त्यातून वर्षाला लाखभर किलो गॅस वाचण्याचा अंदाज होता. त्यासाठी गुंठाभरही जास्तीची जमीन गेली नाही.

राहिली रात्र. सूर्य मावळल्यावर गावात दिवे लागतात, दूध शीतकरण केंद्रे चालतात, सुप्याचे कारखाने तिसरी पाळी करतात. २०२५ च्या मध्यापर्यंत देशातल्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी कोळसा-गॅसबाहेरची झाली, पण प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. कारण संध्याकाळी सात वाजता पॅनेल काही देत नाही. कोळशाची केंद्रे उद्या बंद करा म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पवनचक्क्या थोडी साथ देतात. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर आणि नगर तालुक्यातल्या खांडक्याच्या पठारावर त्या बऱ्याच वर्षांपासून फिरत आहेत. आभाळ भरून सौरवीज घटते त्या आषाढ-श्रावणातच वारा सर्वांत जोरात असतो, ही या पठाराला मिळालेली मोठी देणगी आहे. आणि साठवणुकीचे एक थोर उदाहरण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला उभे आहे. घाटघरला प्रवरेच्या उगमाशी वरचे धरण, सह्याद्रीखाली शहापूर तालुक्यात खालचे धरण, मधल्या कड्याच्या पोटात १२५ मेगावॉटची दोन यंत्रे. विजेची मागणी असते तेव्हा पाणी खाली सोडायचे, मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी उलटे वर चढवायचे. वर चढवायला चार युनिट लागली तर परत तीनच मिळतात, पण ती हवी त्या तासाला मिळतात. २००८ मध्ये हा प्रकल्प चालू झाला तेव्हा रात्री उरणाऱ्या कोळशाच्या विजेने पाणी वर चढत असे. आता दुपारच्या सौरविजेने ते चढवण्याचे दिवस आहेत.

सह्याद्रीत असे आणखी प्रकल्प करण्याचे करार राज्याने गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने केले आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात राहणाऱ्या आदिवासी गावांनी भंडारदऱ्यापासून धरणे पाहिली आहेत. १९२६ मध्ये ते धरण पुरे झाले. पाणी खाली प्रवराकाठी गेले, ऊस तिथे वाढला, आणि वरच्या वाड्या उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरत राहिल्या. नव्या जलसाठ्याच्या विजेतला वाटा आणि पाण्यातला वाटा आधी त्या वाड्यांच्या नावे लिहिला जात नसेल, तर त्यांनी विरोध करावा. त्या विरोधाला विकासविरोधी म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभा राहणार नाही.

हा वाट्याचा मुद्दा मला शेवटी सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात या जिल्ह्याचा स्वतःचा इतिहास आहे. ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ १९६९ साली स्थापन झाले, त्यानंतर देशात ज्या पहिल्या पाच सहकारी वीज संस्था उभ्या राहिल्या त्यांतली एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि संगमनेर-नेवाशाच्या काही गावांत सभासद शेतकऱ्यांच्या मालकीची ही संस्था चाळीस वर्षे वीज वाटत होती. मग थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेल्याचे दावे झाले, २०११ च्या जानेवारीअखेर परवाना संपला आणि वीज नियामक आयोगाने तो भाग महावितरणकडे दिला. सहकारावर वीज चालत नाही, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. पण त्याच तुकडीतली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था अजून वीज वाटते आहे. मुळा-प्रवरेच्या जाळ्यावर शेतीपंपांचे ओझे प्रचंड होते, त्यांचा दर राजकारणाने ठरत होता, वसुली होत नव्हती आणि घाऊक वीज मात्र बाहेरून विकत घ्यावी लागत होती. यातला शेवटचा भाग आता बदलला आहे. गावाच्या जमिनीवर तयार झालेली वीज गावाच्या संस्थेची असू शकते, आणि तिचा खरेदीदार ठरलेला असतो.

आज जिल्ह्यात जे सौर प्रकल्प येत आहेत त्यांतले बहुतेक बाहेरच्या कंपन्यांचे आहेत. गावाला भाडे मिळते, ग्रामपंचायतीला तीन वर्षे पाच-पाच लाखांचे अनुदान मिळते, दोन-चार राखणदारांची नोकरी मिळते. हे काही नसण्यापेक्षा बरे. कंपन्यांकडे भांडवल आहे, त्या लवकर उभारतात, तोट्याची जोखीम स्वतः घेतात. सहकारी संस्थांचा गेल्या तीस वर्षांतला कारभार पाहता सावध माणूस त्यांच्या हाती पुन्हा वीज द्यायला कचरेल, हेही मला समजते. तरी ज्या जिल्ह्याने १९५० मध्ये शेतकऱ्यांचे भांडवल गोळा करून साखर कारखाना उभा केला, त्याने २०२५ मध्ये फक्त जमीन भाड्याने देणारा व्हावे, हे मला पटत नाही. विविध कार्यकारी सोसायटीने, पाणी वापर संस्थेने, दूध संघाने आपल्या फिडरच्या प्रकल्पात निदान पाव हिस्सा घ्यावा, जिल्हा बँकेने त्यासाठी कर्ज द्यावे, आणि राज्याने निविदेतच तशी अट घालावी. गावाचा हिस्सा असला तर फिडरच्या वेळा ठरवण्यातही गावाचा शब्द चालेल. पावसाळा संपल्यावर ग्रामसभेने पाण्याचा हिशोब मांडायचा, त्यावरून रब्बीत मोटारी किती तास चालवायच्या ते ठरवायचे, आणि न वापरलेली वीज जाळ्यात सोडून त्याचे पैसे सभासदांत वाटायचे. पाणी वाचवल्याबद्दल शेतकऱ्याच्या खात्यावर रोख जमा होण्याची ही पहिलीच संधी आहे; उपदेशाने जे झाले नाही ते यातून होण्याची मला आशा वाटते.

यात धोके आहेत. गावातल्या मोठ्या बागायतदाराचे ग्रामसभेत चालेल, भूमिहीनाला लाभांशात जागा राहणार नाही, हिशोब कागदावरच मांडला जाईल. म्हणून भूमिहीन कुटुंबांनाही सभासदत्व आणि वाटा असावा, आणि फिडरवरच्या मीटरचे आकडे दर महिन्याला चावडीवर लावले जावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेने दोन-तीन तालुक्यांत, समजा पारनेर, पाथर्डी आणि कर्जतमध्ये, अशा काही फिडरवर तीन हंगाम हे करून पाहावे. विहिरींची पातळी आणि शेतकऱ्याच्या हाती आलेला पैसा दोन्ही मोजावेत. चुकले तर तेही छापावे. सध्या होत असलेले वीजखरेदीचे करार मात्र पंचवीस वर्षांचे आहेत, आणि सही झाल्यावर त्यांत गावासाठी नवे कलम घुसवता येत नाही. येत्या ग्रामसभांपुढे भाडेकराराचे कागद येतील तेव्हाच गावाच्या हिश्श्याची मागणी लेखी ठेवायला हवी.